ऐब सांगून सौदा

घासाघीस हा शब्द मराठीत थोडा बदनामच आहे. भाव पाडून मागणारा माणूस म्हणजे चिक्कू, असे आपण सहज म्हणून जातो. आमच्या घरात मात्र भाव करणे ही लाजेची गोष्ट कधीच नव्हती. अब्बा तरुणपणी नातलगांबरोबर सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घ्यायला जात. तेथे दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात रुमालाखाली धरत आणि बोटे दाबून भाव सांगत. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नसे. पण म्हैस मात्र सगळ्यांसमोर उघडी उभी असे. दात पाहा, कास पाहा, चालवून पाहा, धार काढून पाहा. आम्ही जुनी मोटार घ्यायला निघालो तेव्हा हे सगळे उलटे झालेले दिसले. भाव काचेवर हातभर आकड्यांत चिकटवलेला आणि गाडी झाकलेली.

मोटार ही आमच्यासाठी हौस नव्हती. अब्बांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते. नई जिंदगीपासून दवाखान्यापर्यंत रिक्षा पहाटे मिळत नाही, आणि परतताना त्यांना बसल्या जागी ग्लानी येते. व्याजाने पैसे घ्यायचे नाहीत, हे घरात पूर्वीच ठरलेले. तीन वर्षे दोन बीसी भरल्या, घरच्यांनी दोन बांगड्या मोडल्या, तेव्हा कुठे सव्वातीन लाख जमले. त्यातला एकेक हजार कुठून आला हे आम्हाला तोंडपाठ होते. २०२५ च्या नोव्हेंबरात ही रक्कम मनाशी धरून आम्ही सोलापुरातल्या एका मोठ्या विक्री केंद्रात गेलो.

मालक आपल्यातलेच होते. टेबलामागे अल्लाहच्या कृपेची ग्वाही देणारी अरबी पाटी, सोनेरी चौकटीत. सलाम झाला, चहा आला. "मास्तर, अपनेच आदमी हो तुम, तुमकू गलत चीज थोडीच देंगे," असे म्हणून त्यांनी पांढरी वॅगन आर दाखवली. २०१६ चे मॉडेल, एकच मालक, मीटरवर ४६ हजार किलोमीटर. भाव तीन लाख पासष्ट हजार.

आम्ही रोख देणार म्हटल्यावर मालकांचा चेहरा खुलेल असे वाटले होते. तो उतरला. कर्ज काढून घ्याल तर पंधरा हजार कमी करू, रोखीत परवडत नाही, असे ते म्हणाले. हा हिशेब आम्हाला नंतर समजला. कर्ज मिळवून दिले की फायनान्स कंपनीकडून विक्रेत्याला कमिशन मिळते, तेव्हा रोख देणारा गिऱ्हाईक त्याच्या दृष्टीने तोट्याचा. तिथेच कोपऱ्यात फायनान्सचा एक तरुण बसला होता. मालकांनी त्याला हाक मारली. त्याने आमचा पगार विचारला, अनुदानित शाळेतली नोकरी ऐकून मान डोलावली, आणि मग पत्ता विचारला. पत्ता ऐकल्यावर त्याने लॅपटॉप हळूच मिटला. "सर, तो एरिया आमच्याकडे बसत नाही."

कर्ज आम्हाला नकोच होते. तरीही ते वाक्य लागले. नकार देण्याचा हक्क आमचा होता, तो आमच्या तोंडून निघण्यापूर्वीच समोरच्याने वापरून टाकला. २००६ साली सच्चर समितीच्या अहवालात हेच नोंदवलेले आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना 'निगेटिव्ह' किंवा 'रेड' विभाग ठरवून तेथे कर्ज देणे टाळले. डी.एड., बी.एड.च्या दिवसांत आम्ही तो अहवाल चर्चेपुरता वाचला होता. त्याचे एक पान असे मिटलेल्या लॅपटॉपच्या रूपाने समोर येईल असे वाटले नव्हते. मालक मात्र काही बोलले नाहीत. तेही त्याच वस्तीतून वर आलेले आहेत.

मग रोखीची बोलणी सुरू झाली. फाइल चार्ज सहा हजार, नाव बदलण्याचे साडेसात हजार, शिवाय जीएसटी. हा जीएसटी त्यांनी गाडीच्या पूर्ण किमतीवर लावून दाखवला. आम्ही शिक्षक असल्यामुळे कागद वाचल्याशिवाय बाहेर पडत नाही. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यावरचा जीएसटी २०२५ च्या जानेवारीपासून सरसकट १८ टक्के झाला, पूर्वी लहान गाड्यांवर तो १२ टक्के होता, हे खरे. पण व्यापारी या सवलतीखाली विकतो तेव्हा तो लागतो त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्री यांच्यातल्या फरकावर. तीन लाखांना घेऊन साडेतीन लाखांना विकली तर कर पन्नास हजारांवर. हे सांगितल्यावर तो आकडा कागदावरून नाहीसा झाला. दुसरी गोष्टही आम्ही मांडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली तर जुनीने जुन्याच भावात का राहावे? मालक हसले आणि तीन चाळीसवर आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोहल्ल्यातल्या मिस्त्रींना बरोबर नेले. त्यांनी मीटरकडे पाहिलेच नाही. "मीटर कू नक्को देखो, जहाँ पाँव पड़ता ना, वो देखो," म्हणाले. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचे रबर घासून गुळगुळीत झाले होते. स्टिअरिंगची कड चकाकत होती. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे होते. टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. त्यावरून चारही टायर २०२३ चे निघाले. ४६ हजारांत ही गाडी टायरचा दुसरा किंवा तिसरा संच वापरत असेल तर रस्त्याचे नशीबच म्हणायचे. मिस्त्रींच्या ओळखीने सर्व्हिसची जुनी नोंद मिळाली. २०२२ सालीच ही गाडी ७१ हजार किलोमीटर चाललेली होती.

आम्ही नोंद टेबलावर ठेवली. मालक रागावले नाहीत. त्यांना ते नवे नव्हते. "हमारे पास ऐसीच आयी," एवढे म्हणून ते एकदम दोन नव्वदवर आले. पन्नास हजार एका वाक्यात! वर हेही म्हणाले की बात यहीं की यहीं रखो. आम्ही म्हटले, ठीक आहे, पावतीवर लिहा की गाडी मीटरपेक्षा जास्त चाललेली आहे आणि गिऱ्हाइकाला ते सांगितले आहे. त्यांनी छातीवर हात ठेवला. "अल्ला गवाह है, मास्तर. लिखने की क्या जरूरत?"

अल्लाहला साक्षी ठेवणाऱ्याला लिहायची भीती का वाटावी? सूर-ए-बकरामधली कुरआनातली सर्वांत दीर्घ आयत आहे ती देण्याघेण्याच्या व्यवहाराविषयी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय. नमाज-रोजाची चर्चा आपल्याकडे घरोघर होते, या आयतीची मात्र क्वचित. पैगंबर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात, आत ओल लागते, आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे विक्रेत्याला विचारतात, ही हदीस आपण मुलांना सांगतो. फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, हे तिचे तात्पर्य. मालकांचे 'अपनेच आदमी' आणि हे 'आपल्यातला' यांतले अंतर त्या टेबलावर आम्हाला मोजता आले.

फिकहमध्ये या गोष्टींचा किती बारकाईने विचार झालेला आहे! मूळ खरेदी न सांगता भाव ठरवायचा तो मुसावमा, खरेदी सांगून वर नफा ठरवायचा तो मुराबहा. "मला हीच इतक्याला पडली" असे म्हणून जो नफा मागतो, त्याचा तो आकडा खोटा निघाला तर गिऱ्हाइकाला सौदा मोडता येतो. ऐब लपवला असेल तर वस्तू परत करण्याचा हक्क आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता कापड विकले, गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम खैरात केली, अशी कथा सांगतात. आपण हनफी आहोत हे निकाहाच्या आणि तरावीहच्या वेळी आपल्याला आठवते. दुकानात बसल्यावर आठवत नाही.

घरी या विषयावर दोन मते पडली. घरच्यांचे म्हणणे, ऐब आपल्याला कळला, त्याचा भाव कमी झाला, मग घ्यायला हरकत काय? म्हणणे बिनतोड होते. कळलेल्या दोषासह घेतलेली वस्तू हलालच. प्रश्न कागदाचा होता. उद्या आम्ही ती गाडी विकली तर तेच ४६ हजारांचे मीटर आमच्या तोंडून बोलणार. आज आमच्याजवळ असलेले खरे मग कोणाजवळ उरणार? अब्बा उशीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "म्हशीचं वय चोरलं तरी दात राहतात बाबा. ह्याला तर दातच बसवून दिलेत."

आम्ही ती गाडी सोडली. पन्नास हजारांची सूट सोडताना पोटात कालवले, आणि पुढचे पंधरा दिवस अब्बा रिक्षानेच गेले.

दुसरी गाडी मिळाली ती एका लहानशा आवारात. पत्र्याची शेड, आठ-दहा गाड्या, कपाळाला विभूती लावलेले मालक. भिंतीवर आरटीओचे अधिकारपत्र लावलेले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने ते घ्यावे असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये काढला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. २०१५ ची वॅगन आर, ८३ हजार किलोमीटर, भाव तीन लाख पाच हजार. आम्ही काही विचारण्याआधी ते म्हणाले, "सर, डावीकडचा मागचा दरवाजा बदललेला आहे. क्लच सहा महिने चालेल. एसीला गॅस भरावा लागेल. बाकी तुमचा मिस्त्री आणा."

मिस्त्रींनी तासभर गाडी पाहिली आणि चौथा दोष काढू शकले नाहीत. मग भाव झाला, आणि काय सुंदर झाला! क्लचचे आठ हजार आम्ही मागितले, ते त्यांनी दिले. दरवाजाचे पाच मागितले, ते तीनवर आले. एसीचे मागितल्यावर म्हणाले, "ते आधीच भावात धरलंय," आणि आम्ही मानले. तोंडी सांगितलेले ऐब खरे निघाले होते, मग हेही खरे असणार. शेवटी दोन चौऱ्याण्णववर आले. आणखी ताणले असते तर बहुधा नव्वदपर्यंत गेले असते. आम्ही ताणले नाही. विक्रेत्याने दोष सांगावा हा जसा त्याचा धर्म, तसा खरे बोलल्याचा त्याला तोटा होऊ न देणे हा गिऱ्हाइकाचा. खरे सांगणाऱ्याला आपण पिळले तर तो पुढच्या वेळी मीटर फिरवायला शिकेल. आपल्यातले कितीतरी घासाघीस करताना हे विसरतात.

पाच हजार बयाना दिला, पावतीवर तिन्ही ऐब लिहिले गेले. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या आमच्यासमोर झाल्या. नाव बदलून घेण्याचा आग्रह आम्हीच धरला. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव असेल, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच धरला जाईल, मग गाडी त्याने कितीही जणांना विकलेली असो. आपल्याकडे भावाच्या, मित्राच्या नावावरच वर्षानुवर्षे गाड्या फिरतात. विकणाऱ्याच्या मानेवर टांगती तलवार ठेवून घेतलेल्या गाडीत बरकत कसली?

सौदा संपल्यावर मालकांनी अब्बांना फोन लावायला सांगितले. "चाचा, गाडी चांगली आहे, पण क्लच तेवढा बघा," असे त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. अब्बांनी ऐकून घेतले आणि विचारले, "रुमाल टाकला होता का?" मालकांना काही कळले नाही. आम्ही म्हटले, नाही अब्बा, सगळे उघड्यावरच झाले.