मॅनर्स शिकवणार कोण? मी?

तर झालं असं, की एका शुक्रवारी रात्री, डेडलाइन डोक्यावर बसलेली असताना, आमच्या चर्चमधल्या फादरांचा फोन आला. मला वाटलं, स्मरणिकेसाठी लेख हवा असणार. (फुकटात, अर्थात!) पण फादरांचा प्लॅन वेगळाच होता.

"दृढीकरणाच्या मुलांसाठी रविवारी एक तास हवाय. शिष्टाचार, वागणूक, बोलायचं कसं, बसायचं कसं. तू मुंबईतल्या ऑफिसांमधून फिरतेस, मासकॉम केलंयस. तुझं ऐकतील. आमचं काही ऐकत नाहीत."

फोन ठेवला आणि आईला सांगितलं. ती मासे साफ करत होती. हातातली सुरी तशीच धरून हसत सुटली. "मॅनर्स? तू? तुझा सकाळचा चहाचा कप अजून पलंगाखाली आहे."

आता बोला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही वसईचे ख्रिस्ती कोळी. किल्ल्याच्या बाजूला घर, अंगणात वाळत घातलेले बोंबील, घरात मराठी, चर्चमध्येही मराठी. बाप्तिस्मा होतो तेव्हा आपण तान्हं बाळ असतो, आपल्या वतीने वचन दुसरेच देतात. दृढीकरणात तेच वचन स्वतःच्या तोंडाने पुन्हा द्यायचं. बिशप येतात, कपाळाला तेल लावतात. आमच्याकडे हे साधारण नववी-दहावीच्या वयात होतं, म्हणजे घरात कोणी काही बोललं की दार आपटून आत जायचं जे वय, नेमकं त्याच वयात. त्याआधी वर्षभर धर्मशिक्षणाचे वर्ग. त्यातला एक तास माझ्या गळ्यात पडला होता.

पत्रकाराला टेन्शन आलं की तो रिसर्च करतो. मीही केला. आणि कळलं, की ख्रिस्ती पोरांना मॅनर्स शिकवायची ही खाज फारच जुनी आहे. इरॅस्मस नावाच्या डच विद्वान धर्मगुरूने १५३० साली मुलांच्या सभ्य वागण्यावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. खानदानी घरातल्या एका मुलाला उद्देशून. नजर कशी हवी, जेवताना हात कुठे, शिंक आली तर काय, सगळं त्यात आहे. पुढे १७०३ साली फ्रान्समध्ये जाँ-बातिस्त द ला साल यांनी ख्रिस्ती सभ्यतेच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्यांच्या शाळांमध्ये गरिबांची, कारागिरांची पोरं यायची आणि ती याच पुस्तकावर वाचायला शिकायची. हेच ला साल १९५० पासून शिक्षकांचे आश्रयदाते संत आहेत. त्यांचं म्हणणं मला आवडलं. सभ्यपणा म्हणजे नुसती जगाची रीत नाही, समोरच्या माणसाशी आपण नीट वागतो ते देवासाठी. म्हणजे ज्याचा आपल्याला काही उपयोग नाही त्याच्याशीही तसंच.

मी खूश. पहिली स्लाइड तयार!

मग इरॅस्मसकडे परत गेले, एखादा गमतीदार नियम मिळतो का बघायला. मिळाला. नाक पुसण्याबद्दल तो म्हणतो, की टोपीला किंवा कपड्याला नाक पुसणं हा गावंढळपणा, आणि दंडाला किंवा कोपराला पुसणं म्हणजे खारवलेले मासे विकणाऱ्यांची तऱ्हा.

पोरं हसली असती. मीही हसणारच होते. पण माझी आजी सुके बोंबील विकायची.

आणि ती नाक पदराने पुसायची. हात बरबटलेले असले की कोपराने. काय करणार?

मी अकरावीला होते, २०१२ साल. कॉलेज मुंबईत, वसई रोडहून रोजची लोकल, नवाकोरा ग्रुप. माझं अर्धं लक्ष अभ्यासात आणि अर्धं अंगाला वास येत नाही ना यात. डिओ अक्षरशः पाण्यासारखा मारायचे. डब्यात मासे न्यायचे नाहीत हा नियम मी स्वतःच स्वतःला घातला होता. (ऑफिसात मायक्रोवेव्हवर 'नो फिश' अशी चिठ्ठी बघून तुम्ही कधी हसला असाल. मी ती चिठ्ठी पंधराव्या वर्षी मनात चिकटवून घेतली होती.)

जुलैची दुपार. बोरिवली स्टेशनचा पूल. मी, एक मैत्रीण आणि तिची आई. आई म्हणजे एकदम पॉश, इस्त्रीचा कुर्ता, हातात छत्री, मला आग्रहाने त्यांच्या घरी जेवायला नेत होत्या. मी माझे सगळे ठेवणीतले मॅनर्स बाहेर काढले होते. "थँक यू आंटी." "नो आंटी, तुम्ही आधी." आणि पुलाच्या पायऱ्यांशी आजी उभी. तांबडं लुगडं, पायाशी सुक्या बोंबलांची टोपली. अशी भरलेली टोपली एकटीने डोक्यावर चढत नाही, दुसऱ्या कोणीतरी हात द्यावा लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, जरा हात लावा, एवढंच.

तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मग तिने माझ्या बाजूच्या दोघींना पाहिलं.

आणि ती मला म्हणाली, "बाय, जरा हात लाव गो."

नाव घेतलं नाही. माझं घरातलं नाव, जे ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायची, ते घेतलं नाही. कोणत्याही अनोळखी मुलीला म्हणावं तसं म्हणाली. मला तिने वाटच करून दिली होती. पुढे यायची आणि निघून जायचीसुद्धा.

मी मोबाइल काढून बघितला. त्यात काहीही नव्हतं.

मैत्रिणीने पटकन बॅग मागे सारली आणि टोपलीची एक कड धरली. टोपली आजीच्या डोक्यावर गेली, चुंबळ नीट बसली, आजी "देव बरं करो" म्हणाली आणि चालू लागली. मैत्रीण हात हुंगून हसली. "ई, काय स्ट्राँग आहे गं!" आणि मी म्हणाले, "सॉरी."

मैत्रिणीला म्हणाले. सॉरी.

रात्री घरी रोझरी झाली. त्यानंतर मोठ्यांचे आशीर्वाद घ्यायचे ही आमच्या घरातली पद्धत. मी आजीपुढे वाकले. तिने नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, "ती पोरगी चांगली आहे. कोणाची गो?"

बस. त्यावर पुन्हा कधी काही नाही.

त्याच वर्षी ९ सप्टेंबरच्या रविवारी मिस्साच्या वेळी दुसरं वाचन करायची माझी पाळी होती. वाचनाला जाताना चालायचं कसं, वेदीसमोर किती वाकायचं, माइकपासून तोंड किती लांब, सगळी तालीम झालेली. वाचन होतं याकोबाच्या पत्रातलं. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला मानाची जागा मिळते. मळक्या कपड्यातला गरीब येतो, त्याला म्हणतात तू तिथे उभा राहा. असा भेदभाव करू नका, असं याकोब बजावतो. मी ते खणखणीत वाचलं. स्वल्पविरामाला थांबले, पूर्णविरामाला वर बघितलं. तिसऱ्या बाकावर आजी बसली होती. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही, अगदी काहीही. मिस्सा संपल्यावर सिस्टरांनी उच्चारांचं कौतुक केलं.

आजी २०१९ मध्ये गेली. मी तिला सॉरी म्हटलं नाही. आधी लाज वाटली म्हणून आणि नंतर, खरं सांगायचं तर, विषय जुना झाला म्हणून.

असो. तर रविवार उजाडला.

चर्चचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीसेक पोरं. मागच्या रांगेतली चौघं आधीच फोनमध्ये. मी सुरुवात त्यांच्यापासूनच केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मिस्सात फोन वर करून फोटो काढणाऱ्यांना झापलं होतं, आणि त्यात फादर-बिशपही असतात हे सांगायला ते विसरले नव्हते. हे ऐकून हॉलमध्ये एकदम जान आली. मोठ्यांनाही कोणी बोललं की पोरांना भारी वाटतं. मग त्यांचेच तीन शब्द सांगितले. मे २०१५ मध्ये कुटुंबांविषयी बोलताना ते म्हणाले होते, की घर टिकवायला 'प्लीज', 'थँक यू' आणि 'सॉरी' लागतात. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा हे तीन शब्द कितीतरी जणांनी स्टेटसला ठेवले होते. मी पण.

मग प्रॅक्टिकल. मिस्सात आपण शांतीचं चिन्ह म्हणून हात जोडतो, इंटरव्ह्यूत हात मिळवायचा, दोन्हीकडे समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. काट्या-चमच्याने पाव-भुजिंग खाण्याचा एक डेमो झाला, तो सॉलिड फसला. मी टोपलीची गोष्ट सांगायची ठरवलं होतं, पण सांगितली नाही. इरॅस्मसची स्लाइडही गाळली.

शेवटची वीस मिनिटं चिठ्ठ्या. नाव न लिहिता प्रश्न विचारा, बुटाच्या खोक्यात टाका. हा आमच्या मासकॉमच्या एका मॅडमचा फंडा. पोरं तोंडाने जे विचारत नाहीत ते लिहून विचारतात. 'गर्लफ्रेंडला चर्चमध्ये शेजारी बसवलं तर चालतं का?' 'मावशी पगार विचारते तर काय सांगायचं?' (बाळा, हे मला कळलं तर मीही तुला कळवीन.) हसत-हसत उलगडत होते. सातवी की आठवी चिठ्ठी.

'मोठ्या माणसाने हात धरला आणि सोडला नाही तर हिसकावून घेणं बॅड मॅनर्स आहे का?'

अक्षर बारीक, पेन्सिलचं. मी ती मोठ्याने वाचून टाकली होती, आता मागे घेता येत नव्हती. हॉल एकदम गप्प. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. फादर दाराशी उभे होते.

आम्हाला जे काही शिकवलं होतं ना, ते सगळं वरच्या दिशेने होतं. फादर आले, उभं राहा. सिस्टर बोलताहेत, मान खाली. मोठ्यांना उलट उत्तर नाही. पुढे ऑफिसातही तेच. बॉसच्या जोकवर हसायचं, क्लायंटसाठी दार उघडायचं. आपल्यापेक्षा लहान, आपल्यापेक्षा गरीब, डोक्यावर टोपली घेतलेल्या माणसाशी कसं वागायचं याचा तास कोणी घेतला नाही. आणि तो मोठा माणूसच नीट वागला नाही तर खालच्याने काय करायचं, याचा तर नाहीच नाही.

मी म्हणाले, "नाही. बॅड मॅनर्स नाही. हिसकावून घ्यायचा. ओरडायचं. तो माणूस कोणीही असो. काका, सर, शेजारी, फादर, सिस्टर, मी. कोणीही."

आवाज जरा जास्तच चढला असावा. मग एक श्वास घेऊन नीट सांगितलं. २०१२ पासून आपल्याकडे पॉक्सो कायदा आहे, अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी, मुलगा असो की मुलगी. असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं मोठ्यांवर बंधनकारक आहे, 'घरातल्या घरात मिटवू' असं त्यात नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, फुकट लागतो. चर्चमध्येही मे २०१९ पासून पोप फ्रान्सिस यांचे नियम आहेत, असं काही कानावर आलं तर फादर-सिस्टरांनी ते चर्चच्या वरिष्ठांना कळवायचंच. हे मी दाराकडे बघून म्हटलं. फादरांनी मान हलवली. मग ते आत आले आणि फळ्यावर त्यांनी स्वतःच मोठ्या आकड्यात १०९८ लिहिलं. माझ्या नंबरलाही जागा सोडली. मी तो लिहिला.

तास संपला. सिस्टरांशी आणि फादरांशी बोलणं झालं. अक्षर जुळवून कोणी शोधत बसायचं नाही हे ठरलं. ज्याने किंवा जिने लिहिलंय त्याला आपणहून यायला जागा राहिली पाहिजे, आणि ती रोज राहिली पाहिजे, एका रविवारपुरती नाही. शिकलेल्या समुपदेशक बाईंना बोलवायचं ठरलं. मी चर्चच्या आवारात चाफ्याखालच्या बाकावर बसून राहिले. उगीचच मोबाइल बघत. नंतर लक्षात आलं, मोबाइल बघत बसलेल्या बाईकडे कोण येणार? तो पर्समध्ये टाकला.

अर्धा तास गेला. एक मुलगा आला. "मिस, ताटातली करी पावाने पुसून खाणं बॅड मॅनर्स आहे?" म्हटलं, आमच्या घरात तरी तो स्वयंपाकाचा मान आहे. खूश होऊन पळाला.

मग बराच वेळ कोणी नाही. उठावं म्हणून पर्स उचलली, तर फाटकाजवळ सायकलचं कुलूप उघडत एक मुलगी उभी होती. कुलूप मघाशीच उघडलेलं मी पाहिलं होतं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"मिस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही पुढच्या रविवारी पण येणार आहात ना?"

पुढच्या रविवारी माझं पुण्यात शूट होतं. महिन्याभरापूर्वी ठरलेलं, अॅडव्हान्स घेतलेलं.

"येणार आहे," मी म्हणाले. "याच बाकावर असेन."