कुत्रा, ताप आणि कुंडीखालची ताटली

गेले तीन आठवडे हापिसचा लॅपटॉप उघडला नाही. नाही नाही, नोकरी शाबूत आहे :) डेंग्यू झाला होता.

नेरे गावात राहायला येऊन मला दोन वर्षं झाली. हिंजवडीत नोकरी आणि खिशाला परवडेल असा फ्लॅट, या दोन्हींचा मेळ घालत माणूस मारुंजीच्या पुढे सरकत गेला की इथे पोचतो. माझ्या खिडकीसमोर ऊस आहे. पाऊस थांबला की त्यामागे डोंगर दिसतात. मित्रांना मी याला 'व्ह्यू' म्हणून सांगतो.

तापाचे पहिले चार दिवस नीट आठवतही नाहीत. १०३ ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, हाडं कुणीतरी पिळून काढतंय असं वाटायचं. साताऱ्याहून आई-बाबा धावत आले. आईचं निदान तयारच होतं. "नवीन घर, नवीन गाडी... दृष्ट लागली रे." तिने मीठ-मोहरी उतरवली. मी इंजिनिअर असल्याने हसलो, पण विरोध करण्याइतकी ताकद कोणाच्या अंगात होती?

पाचव्या दिवशी ताप उतरला. मी म्हटलं, चला, सोमवारी हापिस. डॉक्टर म्हणाले, "खरी काळजी आता घ्यायची." डेंग्यूची गोम हीच आहे. ताप उतरायला लागला की पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपायला लागतो, प्लेटलेट्स घसरतात. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात, माझ्या ६२ हजारांवर आल्या होत्या. रोज रक्ततपासणी, भरपूर पाणी, पेज आणि लागलीच तर फक्त पॅरासिटामॉल. बाकी काही करायचं नाही, पडून राहायचं.

पडून राहणं म्हणजे मोबाईल. तो बाबांनी काढून घेतला आणि हातात एक पिवळ्या पानांचं पुस्तक ठेवलं. बाबा बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा तो माणूस त्यांच्या लेखी ज्ञानपीठाच्या वर आहे. पण हे पुस्तक अर्नाळकरांचं नव्हतं. शेरलॉक होम्सच्या 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'चा मराठी अनुवाद होता.

(पुढे रहस्यभेद आहे. पण गोष्ट १९०१ सालची आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही.)

डार्टमूरचं ओसाड, दलदलीचं माळरान. बास्करव्हिल घराण्याला शाप, एक राक्षसी कुत्रा त्यांचा जीव घेतो. सर चार्ल्स मरून पडतात, अंगावर जखम नाही, आणि जवळच प्रचंड कुत्र्याच्या पावलांचे ठसे. हे मी रात्री दीड वाजता वाचतोय, बाहेर उसात वारा सळसळतोय आणि गावातली झाडून सारी कुत्री एका सुरात रडतायत. खरं सांगतो, उठून बाल्कनीचं दार लावायची हिंमत झाली नाही. बाबांना हाक मारली. वय वर्षे अठ्ठावीस!

दुसऱ्या दिवशी पुस्तक संपलं. भूत नव्हतंच. कुत्रा खराच होता, तोंडाला फॉस्फरस फासलेला. त्याला सोडणारा शेजारीच राहत होता, डोळा इस्टेटीवर. आजूबाजूचे सगळे शापाला घाबरत बसले आणि त्याचं काम सोपं झालं.

मग मोबाईल परत मिळाल्यावर लेखकाबद्दल वाचत बसलो. आर्थर कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर. १९०० साली बोअर युद्धात ब्लूमफाँटेनच्या लष्करी इस्पितळात काम करत होता. शत्रूने शहराचं पाणी तोडलं, लोकांनी जुन्या विहिरींचं पाणी वापरलं आणि विषमज्वराने सैनिक पटापट मेले. डॉयललाही दुखण्याने गाठलं. १९०१ मध्ये तो तब्येत सुधारायला इंग्लंडच्या किनाऱ्यावर क्रोमरला गेला असताना फ्लेचर रॉबिन्सन या मित्राने त्याला भुताळी कुत्र्याची दंतकथा सांगितली, आणि त्यातून हे पुस्तक झालं. म्हणजे आजारातून उठताना सुचलेली गोष्ट मी आजारातून उठताना वाचत होतो. आणि तिथेही गुन्हेगार पाणीच.

हे डोक्यात घोळत असतानाच बाल्कनीत गेलो. आठ दिवसांनी पहिल्यांदा. मनीप्लँटच्या कुंडीखाली ताटली असते ना, ती उचलली. पाणी स्वच्छ, नितळ. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

डेंग्यूचा डास गटारात नाही, असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दिवसा चावतो. फार लांब उडत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी तग धरतात, म्हणून पाणी ओतून भागत नाही, ताटली घासावी लागते. हे सगळं मला शाळेपासून माहीत होतं. सोसायटीने लिफ्टमध्ये लावलेला कागद मी रोज दोनदा बघत होतो.

इथेच गोष्ट संपली असती तर हसून सोडून दिली असती. पण शेजारच्या फ्लॅटमधला सात वर्षांचा पोरगा माझ्यानंतर चार दिवसांनी तापाने पडला. प्लेटलेट्स २८ हजार, तीन दिवस आयसीयूत. आता घरी आलाय, सुकलाय, पण ठीक आहे. त्याची बाल्कनी माझ्या बाल्कनीला लागून आहे. संध्याकाळी तो तिथे उभा राहून मला "काका, बॉल!" म्हणून ओरडायचा.

डास माझ्याच ताटलीतला होता याला पुरावा नाही. विषाणू आधी कुणाच्या रक्तातून आला, कोण सांगणार? होम्ससुद्धा हे सिद्ध करू शकला नसता. त्यामुळे गप्प बसणं अगदी सोपं होतं. आई तर म्हणालीच, "त्या पोरालाही दृष्टच लागली असणार." तेव्हा मला दृष्टीची खरी सोय कळली. शाप, दृष्ट, भूत असलं की कुणाला ताटली उचलून बघावी लागत नाही.

काल संध्याकाळी शेजारची बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. मी ताटलीबद्दल सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या कूलरमध्येही पाणी होतं, मेपासून." आत जाऊन त्यांनी चहा टाकला.

चहा पिऊन आम्ही दोघांनी मिळून दोन्ही बाल्कन्या घासल्या. पोरगा खुर्चीत बसून हुकूम सोडत होता.

ते पुस्तक आता त्याच्या बाबांकडे आहे. असो. तुमच्याकडे कुंड्या असतील तर हे वाचून झाल्यावर एकदा उठा.