वाडगाभर पाणी

कुणाला टपालाची तिकिटे जमविण्याचा छंद असतो, कुणाला गडकोट पालथे घालण्याचा, तर कुणाला जुनी नाणी गोळा करण्याचा. मला छंद आहे तो जपानी आणि कोरियन मालिका पाहण्याचा. रात्रीची जेवणे आटोपली, स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला, की मी पडद्यासमोर बैठक मारतो. पात्रे आपापल्या भाषेत बोलू लागतात, पडद्याच्या तळाशी त्यांच्या बोलण्याचा इंग्रजी अनुवाद उमटू लागतो, आणि माझ्या डोळ्यांची वर चेहऱ्यांकडे व खाली अक्षरांकडे अशी सारखी ये-जा सुरू होते. "आपल्या देशात मालिकांचा दुष्काळ का पडला आहे, म्हणून तुम्ही इतक्या लांब जाता?" असे घरातील मंडळी अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट ही, की इतक्या लांब गेल्यावर तेथे पुष्कळदा आपलेच घर भेटते. घरातून बाहेर पडताना आपण 'जातो' असे म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कुणी चुकून 'जातो' म्हणाले, तर घरातील म्हातारी माणसे लगेच टोकतात. जपानी मुलगा शाळेला निघाला म्हणजे दारातून 'इत्तेकिमास' असे ओरडतो. या शब्दाचा सरळ अर्थ 'जाऊन येतो' असा आहे. कोरियन मुले वडिलांना 'अप्पा' अशी हाक मारतात. आणि वडिलांना अप्पा म्हणण्याची रीत कितीतरी मराठी घरांत आहे. हा निव्वळ योगायोग असेल. परंतु पडद्यावरची एखादी चिमुरडी 'अप्पा' म्हणून धावत आली, की ती परक्या देशातील आहे हे क्षणभर विसरायला होते. जोडे उंबऱ्याबाहेर काढणे, वडीलधाऱ्यांशी आदराने बोलणे, जमिनीवर बसून एकत्र जेवणे, या साऱ्या गोष्टी तेथेही आहेत.

परंतु केवळ ओळखीच्या खुणा दिसतात म्हणून कुणी रात्री जागवीत नाही. या मालिकांतील ज्या उत्तम आहेत, त्यांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. त्या लहान वस्तूंकडे मोठ्या लक्षाने पाहतात. भाताचा घास, पाण्याचा वाडगा, तळलेले अंडे अशा रोजच्या वस्तूंतून त्या माणसाचे मन उलगडून दाखवितात.

'ओशिन' या जपानी मालिकेचेच उदाहरण घ्या. १९८३ च्या एप्रिल महिन्यात एन.एच.के. या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ती सुरू केली. सुगाको हाशिदा या लेखिकेने ती लिहिली होती. रोज सकाळी पंधरा मिनिटे, याप्रमाणे ती वर्षभर चालली आणि २९७ भागांत संपली. पुढे साठांहून अधिक देशांतील लोकांनी ती पाहिली. कथा आहे विसाव्या शतकाच्या आरंभीची. यामागाता या बर्फाळ प्रांतातील एका गरीब कुळाच्या घरात ओशिन जन्मते. त्या घरात निव्वळ भात कुणाच्या वाट्याला येत नाही. तांदूळ पुरावा म्हणून त्यात मुळा चिरून घालतात; आणि तोही पोटभर मिळत नाही. शेवटी अवघ्या सात वर्षांच्या ओशिनला एका लाकडाच्या वखारीत वर्षभर चाकरीला धाडले जाते. तिच्या चाकरीचा मोबदला काय, तर तांदळाचे एक पोते!

ती घरून निघते तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, याची गणती नाही. मोगामी नदीतून लाकडांचा तराफा चालला आहे. दोन्ही तीरांवर बर्फ पसरले आहे. तराफ्यावर ती इवलीशी पोर बसली आहे. आणि एरवी कठोर वाटणारा तिचा बाप काठाकाठाने धडपडत, रडत तिच्या मागे येतो आहे. येथे कुणी लांबलचक भाषण करीत नाही. तांदळाचे पोते घरात आल्यावाचून बाकीची माणसे जगणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक असते. आणि त्या बापालाही ठाऊक असते. म्हणून आपल्याला त्याचा रागही येतो आणि कीवही येते.

ओशिनची सहनशीलता पाहून जगभरच्या प्रेक्षकांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले. तथापि, या बाबतीत माझे मत थोडे निराळे आहे. मला ओशिन अधिक आवडते ती सोसणारी नव्हे, तर निघून जाणारी. वखारीत पन्नास सेनचे एक नाणे हरवते आणि चोरीचा आळ तिच्यावर येतो. आजीने निघताना दिलेले पन्नास सेनचे नाणे तिच्यापाशी असते. तेच चोरीचे ठरवून हिसकावून घेतले जाते. तेव्हा ही पोर भर हिवाळ्यात, बर्फातून, एकटी चालू लागते. काम कितीही पडले तरी ती करीत होती. पण खोटा आळ तिला सोसवत नाही. मुकाट्याने सोसणे हाच जर सर्वांत मोठा सद्गुण असता, तर ओशिन त्या वखारीतच राहिली असती आणि तिची कथा तेथेच संपली असती. बर्फात ती मूर्च्छित पडते. तिला वाचवितो तो रशिया-जपान युद्धातील संहार पाहून सैन्य सोडून आलेला एक तरुण. तो तिला अक्षरे शिकवितो, माउथ ऑर्गन वाजवायला शिकवितो. जिथे तिला केवळ तांदळाच्या मापाने मोजले जात होते, तिथून ती बाहेर पडली, म्हणूनच तिला अक्षर लाभले. कष्ट सोसावेत, पण अपमान सोसू नये, असे मला ही मालिका सांगते.

आता कोरियाकडे वळू. 'दे जांगगुम' ही मालिका तेथील एम.बी.सी. वाहिनीने २००३ च्या सप्टेंबरपासून २००४ च्या मार्चपर्यंत दाखविली. तिचे भाग ५४. सोळाव्या शतकातील राजवाड्यात, प्रथम मुदपाकखान्यात आणि नंतर औषधशाळेत काम करणाऱ्या जांगगुम नावाच्या स्त्रीची ही कथा आहे. जांगगुम नावाची एक वैद्य स्त्री खरोखरच होऊन गेली. १५०६ ते १५४४ या काळात राज्य करणाऱ्या जुंगजोंग राजाच्या बखरींत तिचे मोजके उल्लेख सापडतात. मुदपाकखान्याची कथा मात्र लेखिकेच्या कल्पनेतली आहे. मालिका म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, हे भान आपण ठेवलेच पाहिजे.

या मालिकेत जांगगुम लहानपणी राजवाड्यात कामाला लागते, तेव्हा हान नावाच्या एका वरिष्ठ बाईंच्या हाताखाली तिला ठेवतात. हानबाई तिला स्वयंपाकाची कोणतीच युक्ती शिकवीत नाहीत. त्या फक्त म्हणतात, "मला प्यायला पाणी आण." ती पाणी आणते, बाईंचे समाधान होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती कधी पाणी कोमट करते, कधी त्यात पान घालून आणते. तरी बाई आपल्या नापसंतच! पोर विचार करून करून थकते. मग एके दिवशी तिला आपली आई आठवते. पाणी देण्यापूर्वी आई तिला कितीतरी गोष्टी विचारीत असे. तेव्हा ती हानबाईंना विचारते, "आपले पोट दुखते का? घसा दुखतो का?" बाई सांगतात, की घसा जरा दुखतो आहे. मग ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून आणते आणि म्हणते, "हे सावकाश, थोडे थोडे प्या." हानबाईंना जे शिकवायचे होते, ते येथे शिकवून होते. वाडग्यात ओतलेले साधे पाणीसुद्धा अन्नच आहे; आणि ज्याला ते द्यायचे, त्याची प्रकृती ओळखल्यावाचून ते देऊ नये.

या प्रसंगाची थोरवी मला मालिका संपत आल्यावर अधिक जाणवली. मोठेपणी जांगगुम वैद्य होते. पोट दुखते का, घसा दुखतो का, हे प्रश्न वैद्याचेच नव्हेत काय? म्हणजे तिच्या पुढच्या साऱ्या विद्येचे बीज त्या वाडगाभर पाण्यात पडलेले होते. आपण पाहुण्याला पाणी देतो ते बहुधा सवयीने. त्याला काय हवे आहे, हे विचारण्याचे भान किती जणांना असते?

हेच भान हरपले, तर जिव्हाळ्याच्या घरातही काय घडते, हे 'रिप्लाय १९८८' या दुसऱ्या कोरियन मालिकेत दिसते. २०१५ च्या नोव्हेंबरपासून २०१६ च्या जानेवारीपर्यंत दाखविलेल्या या मालिकेत सोल शहरातील एका गल्लीतील पाच कुटुंबांची कथा आहे. संध्याकाळी एका घरातील कालवण दुसऱ्या घरी जाते; नेणारे मूल परतते ते दुसरे काही घेऊन. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवू नये, हा आपल्या वाड्यांतला आणि चाळींतला रिवाज मला तेथे जसाच्या तसा आढळला. या गल्लीतील दॉकसन ही तीन भावंडांतील मधली मुलगी. तिचा वाढदिवस वेगळा साजरा होत नाही. थोरल्या बहिणीच्या वाढदिवसातच तो उरकून घेतात. दोनच अंडी तळलेली असली, तर एक बहिणीला आणि एक भावाला. दॉकसनपुढे घेवड्याच्या दाण्यांची वाटी सरकविली जाते. एके दिवशी तिचा बांध फुटतो. मलाही अंडे आवडते, हे ती रडून ओरडून सांगते, तेव्हा घरातील सगळे अवाक होतात. त्यांचे तिच्यावर प्रेम नव्हते असे नाही. तिला कुणी कधी विचारलेच नव्हते! त्या रात्री वडील तिच्यासाठी वेगळा केक आणतात आणि गल्लीत तिच्याशेजारी उभे राहून तिची क्षमा मागतात. आपण जन्मतःच बाप नव्हतो, बाप होण्याची ही आपलीही पहिलीच वेळ आहे, असे ते तिला समजावतात. बापाने मुलीची क्षमा मागावी आणि त्यात त्याचा मान तिळभरही कमी होऊ नये, हे दृश्य मला फार थोर वाटते. तुमच्यापैकी जी मुले मधली असतील, त्यांना याचे मर्म अधिक सांगायला नको.

या मालिकांची मी अशी स्तुती करतो, म्हणून त्यांतले दोष मला दिसत नाहीत असे कुणी समजू नये. कित्येक कोरियन मालिकांत योगायोगांची नुसती खैरात असते. गोष्ट अडली, की कुणाला तरी अपघात होतो आणि त्याची स्मृती नाहीशी होते! 'विंटर सोनाटा' या गाजलेल्या मालिकेचा नायकही या संकटातून सुटलेला नाही. दुष्ट माणसे अगदीच दुष्ट आणि सज्जन माणसे अगदीच सज्जन असतात. आणि अश्रूंना तर काही धरबंधच नसतो. पण एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. या मालिकांना बहुधा शेवट असतो. वीस भागांची गोष्ट विसाव्या भागात संपते. शेवट ठाऊक असलेला कथाकार प्रत्येक प्रसंग जपून वापरतो. आणि म्हणूनच त्याच्या हातून वाडगाभर पाण्यालाही अर्थ येतो.

'विंटर सोनाटा'चा उल्लेख आला, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर जपानचे राज्य होते. त्या काळातील दुःखांचा विसर कोरियन लोकांना पडलेला नाही. स्वतंत्र झाल्यावर दक्षिण कोरियाने जपानी चित्रपट व गाणी यांवर बंदी घातली. ती १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली. अशा या दोन शेजाऱ्यांपैकी कोरियाने २००२ साली 'विंटर सोनाटा' काढली, आणि २००३ साली ती जपानमध्ये दाखविली गेली. जपानी स्त्रियांना, विशेषतः प्रौढ गृहिणींना, तिने वेड लावले. मालिकेचे चित्रीकरण झालेले नामी बेट पाहण्यासाठी त्या समुद्र ओलांडून कोरियात जाऊ लागल्या. एका मालिकेने इतिहासाच्या जखमा भरून येतात, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी खरे बोलण्याची आणि क्षमा मागण्याची तयारी लागते. परंतु ज्या माणसांच्या सुखदुःखासाठी आपण डोळे पुसले, त्यांचा द्वेष करणे थोडे तरी जड जाते, एवढे खचित.

घरच्या मंडळींना माझे उत्तर हेच आहे. मी लांब जातो, तो परक्या माणसांना नीट न्याहाळण्यासाठी. त्यांची भाषा मला कळत नाही, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे, हातांकडे, समोरच्या ताटाकडे अधिक लक्षपूर्वक पाहतो. आणि असे पाहण्याची सवय जडली, की आपल्या घरातील माणसांकडेही निराळ्या नजरेने पाहावेसे वाटू लागते. कुणाच्या ताटात काय वाढले गेले नाही, कुणाचा घसा दुखतो आहे, कोण बोलत नाही आणि का बोलत नाही, हे दिसू लागते. तेव्हा मालिका बंद करून उठावे, पाण्याचा तांब्या भरून घ्यावा, आणि तो समोर ठेवण्यापूर्वी एकदा विचारावे, "तुला कसे पाणी हवे?"