मेळाव्याची तयारी

येत्या रविवारी मनमाडला वाचकांचा एक मेळावा आहे. तिथे मला माझी एक कथा वाचायची आहे. वरवर पाहता गोष्ट एवढीच. पण या एवढ्याशा गोष्टीने गेला महिनाभर आमच्या घरात जे घडवले, ते तुमच्याशी बोलावे म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी काही मोठी लेखिका नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात बत्तीस वर्षे उभी राहिले. पहिली पाळी असली की पहाटे चारला उठायचे, डबे भरायचे आणि कल्याणहून लोकल गाठायची. कथा लिहिल्या त्या रात्री भांडी आवरून झाल्यावर, स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून. दिवाळी अंकांतून, आपल्या साप्ताहिकांतून पंचवीस वर्षांत बावीस कथा छापून आल्या. त्यांतल्या अकरा कथांचे पुस्तक निघाले तेही पदरचे पैसे घालून. प्रकाशकाने पाचशे प्रती दारात आणून टाकल्या आणि पुन्हा तोंड दाखवले नाही. त्यांतल्या एकशेचाळीस अजून दिवाणाखाली आहेत. पावसाळ्यात त्यांना ओल लागू नये म्हणून मी त्यांच्यात कडुनिंबाचा पाला घालते.

अशा माणसाला एके दिवशी फोन येतो, "जयभीम ताई, आम्ही मनमाडहून बोलतोय." रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेली काही मंडळी, दोन-तीन शिक्षक, दोन नर्स आणि काही गृहिणी. हे लोक दर महिन्याला एक पुस्तक सगळे मिळून वाचतात. या खेपेला माझे पुस्तक वाचले. अकरा कथांमधून आपली आवडती कोणती, ते चिठ्ठ्या टाकून ठरवले. सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या 'अंगठा' या कथेला पडल्या. "ती तुमच्या तोंडून ऐकायची आहे. वीस मिनिटे वाचन, नंतर तासभर आमचे प्रश्न. भाडे आम्ही वर्गणीतून देऊ."

मी हो म्हटले आणि फोन ठेवल्यावर हात कापायला लागले. कारखान्याच्या दारसभेत दोन शब्द बोलले असेन, पण वाचकांसमोर कधी उभी राहिले नव्हते.

माझी मुलगी एम.ए.ला इंग्रजी साहित्य शिकते. ती म्हणाली, "आई, घाबरतेस काय? तिकडे याला फॅन कन्व्हेन्शन म्हणतात." मग तिने जे सांगितले ते ऐकून मला नवल वाटले. अमेरिकेत विज्ञानकथा वाचणाऱ्या लोकांनी १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये आपले पहिले जागतिक संमेलन भरवले. महायुद्धाची काही वर्षे सोडली तर ते आजवर दरवर्षी भरते. सरकार नाही, विद्यापीठ नाही. वाचकच वर्गणी भरतात, वाचकच खुर्च्या मांडतात. १९५३ पासून तिथे 'ह्यूगो' नावाचे पुरस्कार देतात, तेही वर्गणी भरलेल्या सभासदांच्या मतांवर. मी म्हटले, "म्हणजे चिठ्ठ्याच की!" ती म्हणाली, "चिठ्ठ्याच. १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या संमेलनात वाचकांनी लघुकथेचा पुरस्कार ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या लेखिकेला दिला. तिची आई लोकांच्या घरी मोलकरीण होती. गोऱ्या मालकांनी टाकून दिलेली पुस्तके ती मुलीसाठी घरी आणायची. बटलरने स्वतः भांडी घासायचे काम केले, बटाट्याचे वेफर्स तपासायचे काम केले आणि पहाटे दोनला उठून लिहिले."

वेफर्स तपासायचे काम! मला वाटले, ही तर आमच्याच खात्यातली बाई.

१९८४ हे साल माझ्याही लक्षात आहे. त्याच वर्षी जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद शंकरराव खरातांना मिळाले होते. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. १९५८ च्या मार्चमध्ये दादरच्या बंगाली हायस्कूलमध्ये पहिले दलित साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केले, हेही वडीलच सांगायचे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो की परतताना ते शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून एक पुस्तक घेऊन देत. त्या गर्दीत पुस्तक छातीशी धरून चालणारी मी लेखिका होईन, असे तेव्हा स्वप्नातही नव्हते.

असो. तयारीला लागले. 'अंगठा' छापील नऊ पाने आहे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वाचली तर एकतीस मिनिटे लागली. म्हणजे अकरा मिनिटे कापायला हवीत. पेन्सिल घेऊन बसले. जे वाक्य लिहिताना फार आवडले होते, तेच मोठ्याने वाचताना अडखळायला लावत होते. ती सगळी काढली. चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला, म्हणून मुलीने कथा मोठ्या अक्षरांत छापून आणली. विकायला प्रती किती न्याव्यात यावर घरात चर्चा झाली. यांनी हिशेब केला, साठ रुपयांचे पुस्तक, तीस प्रती, पिशवी मनमाडच्या जिन्यावरून चढवणार कोण? शेवटी वीस ठरल्या. मुलगी रोज संध्याकाळी वाचक होऊन मला प्रश्न विचारी. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "ताई, यातली बाई खरी आहे का?"

या प्रश्नाला मी दरवेळी गोल उत्तर देत होते. कारण ती बाई खरी आहे. ती आमच्याच घरात राहते. ती माझी आत्या.

आत्या नगरपालिकेत झाडू खात्यात होती. पगाराच्या दिवशी ती रजिस्टरवर अंगठा उठवायची आणि तिचे मालक फाटकाशी उभे राहून पैसे काढून घ्यायचे. दारूचा नाद होता. १९७८ च्या दोन ऑक्टोबरला देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि काही दिवसांनी आमच्या वस्तीतल्या विहारातही रात्रीचा वर्ग लागला. आत्या जाऊ लागली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. वर्गाहून आल्यावर ती माझ्याच पाटीवर, मी तिचा हात धरून, आपल्या नावाची तीन अक्षरे गिरवायची. झाडू धरून घट्टे पडलेला तो हात मला अजून आठवतो. पेन्सिल इतकी दाबायची की दर दोन दिवसांनी मोडायची.

माझ्या कथेतली बाईसुद्धा सही शिकते. पण पगाराच्या दिवशी रजिस्टर समोर आल्यावर फाटकाशी उभ्या नवऱ्याकडे तिची नजर जाते, हात थिजतो आणि ती पुन्हा अंगठाच उठवते. तिथे कथा संपते. छापून आली तेव्हा पुष्कळ पत्रे आली. वाचून रडलो, असे लोकांनी कळवले. मला अभिमान वाटला होता.

एका रविवारी सकाळी मी मोठ्याने वाचत होते. आत्या दाराशी बसून तांदूळ निवडत होती. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला सही येते, बसच्या पाट्या वाचता येतात, पण नऊ पानांची कथा तिने कधी वाचली नव्हती आणि मीही कधी वाचून दाखवली नव्हती. वाचता वाचता माझ्या लक्षात आले की सुपाचा आवाज थांबला आहे. तरी मी शेवटपर्यंत वाचले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ही मीच ना गं?"

मी मान हलवली.

"पन म्या तर सही केली व्हती."

मला बोलता येईना. ती पुढे म्हणाली, "पगार वाटनाऱ्यानं सवयीनं शाईची डबी पुढं केली. म्या ती बाजूला सारली नि पेन मागितलं. मागच्या बाया वराडल्या, उशीर व्हतोय म्हनून. शेवटच्या अक्षराचा काना ऱ्हायला व्हता, त्यो पुन्हा वर जाऊन दिला. मंग बाहेर येऊन ह्यांच्या हातावर निम्मे पैसे ठेवले. निम्मे ठेवून घेतले. रातच्याला मार बसला. दुसऱ्या म्हयन्यालाबी निम्मेच दिले." मग सूप पुन्हा हातात घेऊन ती म्हणाली, "मार खाल्ला त्ये लिवलंस, सही केली त्ये नाही लिवलंस. अन् हात तर तूच धरला व्हतास माजा."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला जेवण गेले नाही. मी स्वतःला विचारले, शेवट का बदलला? खरे उत्तर लाजिरवाणे आहे. दुःखाचा शेवट केला की कथा मोठी वाटते, असे मला वाटत होते. माझ्याच माणसाच्या जिंकण्यापेक्षा तिचे हरणे मला जास्त साहित्यिक वाटले!

मुलीला हे सांगितले तेव्हा तिने बटलरची आणखी एक हकिगत ऐकवली. बटलर लहानपणी आईबरोबर कामाच्या घरी जाई. आई मागच्या दाराने आत शिरते, लोक तिच्यासमोरच तिच्याविषयी वाटेल ते बोलतात आणि ती ऐकून घेते, याची मुलीला लाज वाटे. पुढे कॉलेजात एक काळा तरुण आधीच्या पिढीवर तोंडसुख घेताना तिने ऐकला. म्हाताऱ्यांनी मान खाली घातली म्हणून आपण मागे राहिलो, असे त्याचे म्हणणे. तेव्हा तिच्या ध्यानात आले, आईने ते सारे गिळले म्हणून तर आपण दोन घास खाल्ले. त्या विचारातून तिची 'किंड्रेड' ही कादंबरी आली, १९७९ साली. तीत आजच्या काळातली एक काळी स्त्री एकाएकी गुलामगिरीच्या काळात खेचली जाते आणि जगून राहायला काय सोसावे लागते, ते तिला स्वतःच्या अंगावर कळते.

मी मनमाडला फोन केला. म्हटले, शेवट बदलला तर चालेल का? तिकडचे गृहस्थ भले. म्हणाले, "ताई, लोकांनी चिठ्ठ्या त्या शेवटाला टाकल्यात. पण कथा तुमची आहे."

कथा माझी आहे! हेच तर आता खात्रीने सांगता येत नव्हते.

तीन रात्री ओट्याशी उभी राहून नवा शेवट लिहिला. जमेना. बाईने सही केली असे लिहिले की ते वरून चिकटवल्यासारखे दिसे. चौथ्या रात्री कारण सापडले. माझ्या कथेत ती बाई एकटी होती. विहारातला वर्ग मी दोन ओळींत उरकला होता. पाटी धरणारी दहा वर्षांची मुलगी तर कथेत नव्हतीच. रांगेत उशीर होतोय म्हणून ओरडणाऱ्या आणि तरीही काना देऊन होईपर्यंत थांबलेल्या बायाही नव्हत्या. मी त्या सगळ्यांना काढून टाकले होते. मग तिचा हात थिजणार नाही तर काय होणार? एकट्या माणसाच्या हातून सही होत नाही. आत्याच्या हातून झाली, कारण तिच्या मागे एवढे जण होते.

मग ठरवले. छापलेली कथा आहे तशीच वाचायची. ती लपवण्यात अर्थ नाही, आणि जिचा हात खरोखरच थिजला अशाही बाया मी पाहिल्या आहेत. त्यांचीही कथा असली पाहिजे. पण कुणी विचारले, "यातली बाई खरी आहे का?" तर या वेळी गोल उत्तर द्यायचे नाही. नवी लिहिलेली दोन पाने काढायची आणि आत्याने काय केले ते वाचायचे. कुणी नाही विचारले तरी वाचायचे.

हे मी आत्याला सांगितले. म्हटले, "तुझी परवानगी आहे का?" ती हसली. म्हणाली, "वाच की. पन त्या बाईला माजं नाव देऊ नगंस, अन् माज्या सहीला दुसरीचं नाव देऊ नगंस." बावीस कथा लिहून मला जे कळले नव्हते ते तिने तांदूळ निवडता निवडता सांगितले.

तुमच्याही घरात अशी एखादी आत्या, आजी, मावशी असेल. तिने काय सोसले ते आपण सगळे सांगतो. तिने काय केले ते एकदा तिला विचारा. ती आहे तोवर विचारा.

आज शुक्रवार. पिशवी भरली आहे. वीस प्रती, मोठ्या अक्षरांतली कथा, नवी दोन पाने, घशासाठी खडीसाखर. रविवारी सकाळची तपोवन एक्सप्रेस गाठायची आहे. काल रात्री आत्या म्हणाली, "माजंबी तिकीट काढ." मी म्हटले, "तुला एवढा प्रवास झेपेल का? तिथे नुसतं बसून ऐकायचं असतं."

ती म्हणाली, "आलेल्या मानसांची वही असंल की तिथं? मला सही करायची हाय."