एका रात्री एकच फॅब्रिक

मी जिंतूरचा. नोकरी नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये, स्टोरेजच्या टीममध्ये. गावी गेलो की ओळखीचे लोक विचारतात, तू नेमकं करतोस काय? मी सांगतो: बँकेतली तुमची शिल्लक ज्या डिस्कवर लिहिलेली असते, ती बहुतेक वेळा सर्व्हरच्या पोटात नसते. ती वेगळ्या स्टोरेजमध्ये असते आणि दोघांच्या मध्ये फायबर चॅनलचे स्विच असतात. पूर्णेच्या कालव्यावर कोणत्या चारीला पाणी सोडायचं हे गेटवर ठरतं, तसं कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं हे या स्विचवर ठरतं. त्याला आम्ही झोनिंग म्हणतो.

प्रत्येक पोर्टला सोळा अंकी-अक्षरी ओळख असते, डब्ल्यूडब्ल्यूएन. ती हाताने टाइप करायची नाही, स्विचवर दिसते तशीच उचलायची. एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट ठेवायचा. ब्रोकेड या ब्रँडच्या स्विचवर झोन नुसता सेव्ह करून भागत नाही, तो एनेबल करावा लागतो. तसा तो केला की नवी मांडणी त्या फॅब्रिकमधल्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या स्विचच्या त्या जाळ्यातल्या, सगळ्या स्विचना एकदम लागू होते. म्हणून आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यायचा, मग जुनी आणि नवी मांडणी शेजारी ठेवून वाचायची.

प्रत्येक सर्व्हरला दोन वाटा असतात: फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी. दोन्ही पूर्ण वेगळी, मध्ये एकही केबल नाही. या रचनेची किंमत मला एका महिनाअखेरीच्या रात्री कळली. बँकेच्या हिशेबांची बॅच रखडली होती. डेटाबेसवाले स्टोरेजकडे बोट दाखवत होते, पण स्टोरेज निवांत होतं. स्विचवर पोर्टच्या चुकांचे आकडे पाहिले, ते शून्य केले आणि थांबलो. फॅब्रिक एमधल्या एकाच पोर्टवर सीआरसीच्या चुका पुन्हा चढू लागल्या. फ्रेमचा शेवट ठीक, पण आतला मजकूर बिघडलेला, असा तो प्रकार होता. याचा अर्थ बिघाड मागून वाहत आलेला नाही, याच दुव्यावर आहे. सर्व्हर टीमकडून फॅब्रिक बीची वाट शाबूत असल्याची खात्री करून घेतली आणि मग तो पोर्ट बंद केला. बॅच लगेच वेगाने धावू लागली. केबलच्या टोकावर धूळ होती. टोक साफ केलं, पोर्ट सुरू केला, आकडे शून्यावरच राहिले. त्या रात्री एकाही खातेदाराचा व्यवहार अडला नाही.

परभणी, जिंतूरकडची मुलं आता या कामाबद्दल विचारतात. त्यांना माझं सांगणं आहे: लिनक्स आणि नेटवर्किंगचा पाया पक्का करा, कमांड पुढे येतातच. आणि एक नियम कधीही मोडू नका. एका रात्री एकाच फॅब्रिकला हात लावा. सर्व्हरवर सगळ्या वाटा परत आल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नका.