शब्दाला अर्थ, एवढंच तर हवंय!

एक की, एक व्हॅल्यू. संपलं. एवढ्याशा कामाला पायथनमध्ये इतके पर्याय का, हा प्रश्न मला गेले दोन शनिवार छळतोय.

निमित्त बाबांचं. रिटायर झाल्यापासून ते मालवणी शब्द जमवतायत. झील, चेडू, गजाल... वह्यांच्या वह्या भरल्या, आता त्यांना ते सगळं "कम्प्युटरात" हवंय. मी प्रोग्रॅम लिहिणार लिनक्सवर, बाबांचा लॅपटॉप विंडोजचा, ताईकडे मॅक. गोची इथेच आहे.

कारण पायथनमधलं 'डीबीएम' हे नुसतं दार आहे, आत कोण राहतं ते मशीनवर अवलंबून. मूळ डीबीएम केन थॉम्प्सनने १९७९ साली लिहिलं, मग एनडीबीएम, जीडीबीएम असा गोतावळा वाढला. लिनक्सवर बहुधा जीडीबीएम भेटतं, मॅकवर एनडीबीएम, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं यांतलं काहीच नसल्यामुळे वाट्याला यायचं ते 'डंब'. (नाव मी ठेवलेलं नाही, खरंच तेच आहे!) एकाची फाइल दुसऱ्याला उघडत नाही. मॅकवरच्या एनडीबीएमबद्दल तर पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्येच इशारा आहे: व्हॅल्यूच्या आकाराला कुठेही न लिहिलेली मर्यादा आहे, ती ओलांडली तर फाइल खराब होऊ शकते. आणि आमचे बाबा एकेका शब्दावर पानभर लिहितात.

'शेल्व्ह' वापरायला गोड, अगदी डिक्शनरीसारखं. पण खाली तेच डीबीएम आणि वर पिकल, म्हणजे पायथन नसेल तर वाचायची पंचाईत. एलएमडीबी भन्नाट वेगवान आहे, पण ते वेगळं इन्स्टॉल करा, फाइल जास्तीत जास्त किती वाढेल ते आधी सांगा... काही हजार शब्दांसाठी? भाजी आणायला ट्रक कशाला काढायचा!

शेवटी सरळ एसक्यूलाइट घेतलं. एक टेबल, दोन कॉलम, शब्द ही प्रायमरी की. २००६ च्या पायथन २.५ पासून ते सोबतच येतं. २०२४ च्या ३.१३ पासून तर डीबीएमसुद्धा नवी फाइल शक्यतो एसक्यूलाइटमध्येच बनवतं, पण तिन्ही घरी तेवढं नवं पायथन कुठून आणू? शिवाय साधं टेबल कुठल्याही एसक्यूलाइट ब्राउझरमध्ये उघडतं, मी नसलो तरी. हा फॉरमॅट २०५० पर्यंत सांभाळायचा त्याच्या कर्त्यांचा इरादा आहे. बाबा आज चौऱ्याहत्तरचे. तेव्हा ही फाइल ताईच्या मुलीकडे असेल, आणि तिला पायथन येत असेलच असं नाही.

एकच घोळ उरलाय. अकारविल्हे यादी मागितली की 'ळ' येतो 'ल'च्या मागोमाग, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तिथे आहे. बाबांनी पहिल्याच दिवशी पकडलं: "अरे, ळ शेवटी, ह नंतर!" एसक्यूलाइटला आपला क्रम शिकवता येतो, त्यासाठी एक छोटं फंक्शन लिहावं लागेल. ते पुढच्या शनिवारी.