भिंतीवरचा पफिन

आमच्या गंगाखेडच्या घरी बैठकीच्या भिंतीवर गेल्या दिवाळीपासून एक परदेशी पक्षी विराजमान आहे. एडिंबरोला राहणाऱ्या मुलाने इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील फार्न बेटांवर स्वतः टिपलेले पफिनचे छायाचित्र मोठे करून आणले. काळा कातळ, मागे धूसर समुद्र आणि लाल-केशरी चोचीत आडवे धरलेले चंदेरी मासे. येणारा प्रत्येकजण नाव विचारतो. मराठीत याला रूढ नाव नाही, हे सांगताना आयुष्यभर मराठी शिकवलेला मी थोडा ओशाळतो. माझ्या आईने मात्र पाहताक्षणी निकाल दिला, "समुद्रातला पोपटच की हा!" इंग्रजीतही त्याचे एक जुने टोपणनाव हेच आहे.

पुढे वाचनात आले, की चोचीचा हा रंग केवळ विणीच्या हंगामापुरता असतो. हंगाम सरला की चोचीवरची रंगीत आवरणे गळतात, चेहरा करडा होतो आणि पक्षी वसंतापर्यंत खुल्या समुद्रावर निघून जातो. तिथे त्याची छायाचित्रे क्वचितच घेतली जातात. जगभरच्या भिंतींवरचे पफिन बहुधा एप्रिल ते जुलैमधलेच. २०१५ साली या पक्ष्याची जागतिक पातळीवर संकटग्रस्तांत नोंद झाली, हेही चित्रातून कळत नाही.

तेव्हा मला नाथसागर आठवला. पैठणचा हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे; त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी आमच्या परभणी जिल्ह्यापर्यंत येते. नोकरीत असताना आम्ही काही शिक्षक हिवाळ्यात तिथे जात असू. एकदा 'तपकिरी डोक्याचा कुरव' म्हणून दाखवलेल्या पक्ष्याचे डोके चक्क पांढरे, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. नाव ठेवणाऱ्याला आम्ही हसलो होतो. खरे तर तो तपकिरी रंग येतो विणीच्या काळात, लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी. आपल्याला दिसतो तो त्याचा परमुलखातला चेहरा. नाव मात्र घरच्या चेहऱ्याचे.

मुलाने वर्षानुवर्षे पाठवलेली छायाचित्रे मी त्या रात्री पुन्हा पाहिली. सगळी उन्हाळ्यातली. हिरवळ, स्वच्छ आकाश, हसरा चेहरा. त्याचा तिथला हिवाळा आम्ही कधी पाहिलाच नव्हता, आणि विचारलाही नव्हता.

डिसेंबरातल्या एका रविवारी फोनवर नेहमीचे "जेवलास का?" झाल्यावर मी विचारले, "तिकडे सूर्य किती वाजता मावळतो रे?"

तो क्षणभर थांबला. "पावणेचारच्या आतच, बाबा."

मग तो बराच वेळ बोलत राहिला. खोलीतल्या एकटेपणाविषयी, रविवारी दिवसभर कुणाशीही न बोलल्याविषयी. मी मध्ये काही बोललो नाही.

चित्र अजून तिथेच आहे. पाहुण्यांना मी आता आईने दिलेले नावच सांगतो, आणि हिवाळ्यात याची चोच करडी होते, हेही आवर्जून सांगतो.